विटाळ कुणाच्या हातांचा?

ऑगस्ट २०१७. नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात एका महिन्यात ५५ नवजात बालकं दगावली. एप्रिलपासूनचा आकडा १८७ होता. कक्षात इन्क्युबेटर १८. म्हणून एकात दोन-दोन, कधी तीन-तीन बाळं ठेवावी लागत होती.

प्रशासनाचं उत्तर असं : बाळं कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची होती, खासगी दवाखान्यांतून उशिरा आली. मान्य. पण अशक्त बाळालाच तर जास्त अंतर आणि जास्त स्वच्छ हात लागतात. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर असे जंतू दवाखान्यातच मुक्काम करतात : बेसिनवर, नळ्यांवर, सलाईनच्या सुईवर आणि हातांवर. त्यातले बरेच आता नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचे, हा साधा नियम. दोन बाळं एकाच गादीवर असतील तर तो पाळायचा कसा?

१८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी दाखवून दिलं की सुइणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात जास्त बाळंतिणी मरतात, कारण डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येतात. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, मृत्यू घटले. तरी प्रतिष्ठित डॉक्टरांना ते पटेना. आपले हात घाण असतील, हे वरच्यांना कधीच पटत नाही. आपल्या गावगाड्याने तर बाळंतीण विटाळशी आणि नाळ कापणारी दलित सुईण अस्पृश्य ठरवली. विटाळ माणसात शोधला. साबण, पाणी, खाटा आणि नर्स यांचा हिशेब कधी मांडलाच नाही.

हा हिशेब बाबासाहेबांनी मांडला. रमाई आणि बाबासाहेबांनी चार लेकरं गमावली होती. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असं मांडलं. पुढे संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य ठरवलं.

सरकारी कक्षात बाळ कुणाचं असतं? सुरगाणा-पेठच्या पाड्यावरच्या आदिवासी आईचं, झोपडपट्टीतल्या आपल्या बहिणीचं. म्हणून मेणबत्त्या पेटवून थांबू नका. माहिती अधिकारात दर महिन्याला विचारा : खाटा किती, बाळं किती, प्रत्येक पाळीत नर्स किती, जंतुसंसर्ग किती बाळांना, मृत्यू किती? उत्तर घेऊन रुग्ण कल्याण समितीला जाब विचारा. ५५ हा आकडा नशिबाने नाही, अंदाजपत्रकाने लिहिला होता.

जय भीम!