दिनविशेष : २० एप्रिल
१९३९ : बिली हॉलिडे यांनी ‘स्ट्रेंज फ्रूट’ ध्वनिमुद्रित केले

न्यूयॉर्क येथे या दिवशी, वयाची चोवीस वर्षे नुकतीच पूर्ण केलेल्या बिली हॉलिडे यांनी कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविषयीचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत कमोडोर कंपनीसाठी गायिले. ज्या कोलंबिया कंपनीशी त्यांचा करार होता, तिने ते काढण्यास साफ इन्कार केला आणि अन्यत्र मुद्रणाची तेवढी मुभा दिली.

गीत तबकडीच्या मानाने आखूड, म्हणून कमोडोरचे मालक मिल्ट गॅबलर यांनी पियानोवादक सनी व्हाइट यांच्याकडून दीर्घ प्रस्तावना वाजवून घेतली. परिणामी गायिकेचा स्वर मिनिट उलटून गेल्यावर लागतो, आणि केवळ लांबी भरून काढण्यासाठी केलेली ती तजवीजच आज, आमच्या मते, या मुद्रणातील सर्वांत भयकारी भाग ठरली आहे.

बाजारातून नाहीशा झालेल्या जाझच्या तबकड्या पुन्हा काढून त्यांवर वादकांची नावे छापण्याचा प्रघात ज्यांनी आरंभी पाडला, त्यांत हेच गॅबलर अग्रणी होते. त्यांच्यासाठी हॉलिडे यांनी गायिलेली गीतेही १९९७ मध्ये, बाजूस ठेवलेल्या पर्यायी मुद्रणांसह, दोन सीडींच्या संचात पुन्हा निघाली. हुकमी वाटणारा तो शांत, कोरडा स्वर किती प्रयत्नांती साधला असेल, याचा अदमास तेथे येतो.

झुंडबळीस अमेरिकेत संघराज्यीय गुन्हा ठरविणारा कायदा अमलात आला तो मार्च २०२२ मध्ये.