वॉटसनचं हॉटेल आणि आपल्याकडच्या भाड्याच्या खोल्या

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि २०२१ मध्ये जिल्हा मुख्यालय कोळगावात आलं. तेव्हापासून मला भेटेल तो विचारतो, "इथे एखादा लॉज टाकला, चार खोल्या बांधल्या, तर बसून भाडं खाता येईल ना?" जरूर बांधा. पण आधी मुंबईतल्या काळा घोड्याजवळच्या एका इमारतीचा इतिहास वाचा.

जॉन वॉटसन हा इंग्रज कापड व्यापारी. कापसाच्या तेजीत, १८६४ साली, त्याने एस्प्लनेडवर जागा घेतली. इमारतीचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईत आणला आणि इथे जोडला. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. प्रवेश फक्त युरोपियनांना! मार्क ट्वेन इथेच उतरला होता. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला, तोही इथेच. त्या काळी यापेक्षा पक्की गुंतवणूक कुणाला सुचली असती?

पण १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडलं, आणि हळूहळू बडं गिऱ्हाईक तिकडे वळलं. पुढे वॉटसनचं हॉटेल बंद पडलं. खोल्यांना पार्टिशनं पडली, समोर कोर्ट असल्याने वकिलांची ऑफिसं आली, कुणी राहायला आलं. नाव झालं एस्प्लनेड मॅन्शन.

मग आला १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. त्याने हजारो गरिबांच्या डोक्यावरचं छप्पर वाचवलं, हे मान्यच करायला हवं. पण भाडी गोठली ती गोठलीच. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणे, भिंत माझी नाही, मी का खर्च करू? दोघांच्या भांडणात लोखंड गंजत राहिलं. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळून एक जीव गेला. २०१९ मध्ये अख्खी इमारत रिकामी करावी लागली.

आता आपल्याकडे या. बोईसरला एमआयडीसीच्या आसपास मी पाहतो, एकेका खोलीत चार-पाच कामगार, वर गळका पत्रा, हातात ना करार ना पावती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार खोली राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं काम आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही मालकाचीच. किती जण पाळतात?

म्हणून सांगतो, खोल्या बांधा, पण येणाऱ्या भाड्यातला एक हिस्सा पहिल्या वर्षापासून दुरुस्तीसाठी बाजूला काढा. सगळं भाडं खाऊन टाकलं, तर इंग्लंडहून आणलेलं लोखंडही टिकत नाही. आपला पत्रा किती पावसाळे काढणार? भाडेकरू असाल तर करार आणि पावती मागून घ्या. मालक असाल तर न मागता द्या.