मराठवाड्यातील विमानमार्ग : नांदेडचा दाखला

बीड जिल्ह्यातील नारायणगडास ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. तेथील यात्रेकरू भूमार्गानेच येतो. कारण जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नाही. मराठवाड्यात विमानवाहतूक कोणत्या कारणांनी व कोणत्या दिशेने वाढली, हे पाहावयाचे तर नांदेडकडे वळावे लागते.

१९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘डेक्कन एअरवेज’चे केंद्र बेगमपेठ हे होते, १९५३ मध्ये ती ‘इंडियन एअरलाइन्स’मध्ये विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. पुढे १९५८ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने नांदेडला धावपट्टी बांधली. तिचा मोठा विस्तार मात्र २००८ मध्ये, गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त झाला. गुरु गोविंदसिंग यांचे देहावसान १७०८ मध्ये नांदेड येथेच झाले होते.

‘उडान’ योजनेतील उड्डाणांचा आरंभ २७ एप्रिल २०१७ रोजी झाला. त्या दिवशीच्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. सीमा बदलून साठ वर्षे लोटली, तरी प्रवासाची जुनी दिशा टिकून होती. हैदराबादचे सान्निध्य हे त्याचे एक कारण होय. मुंबईच्या विमानतळावर नव्या उड्डाणांस वेळ मिळणे दुष्कर, हे दुसरे. ही सेवा देणाऱ्या कंपनीची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. सारांश, धावपट्टी शासनाच्या निर्णयाने उभी राहते. मार्ग मात्र भूगोल व व्यवहार ठरवितात. बीडसंबंधीच्या विचारातही हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.