चिपी, मोपा आणि वेंगुर्ल्याचं जुनं दुखणं

सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ आणि गोव्यातला मोपा यांच्यात सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटर अंतर आहे. ताशी ५०० किलोमीटरने जाणारं एटीआर विमान ते सहा मिनिटांत कापेल. पण या दोघांमध्ये विमान उडत नाही, उडवायचं काही कारणही नाही. कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत गाडीने जायचं आणि दीड-दोन तास धरायचे. तरी चिपीचं भवितव्य या ४५ किलोमीटरांवरच अडलंय.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीच्या सड्यावर मुंबईहून अलायन्स एअरचं पहिलं विमान उतरलं. हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर, म्हणजे हिशेबाने पाऊण तास. वेळापत्रकात मात्र १ तास २५ मिनिटं होती. मुंबईच्या धावपट्टीवरची रांग, चढाई, वळसे, उतरण हे सगळं त्यात धरावं लागतं. वर पावसाळ्यात ढग सड्यावर टेकले की विमान रद्द.

हे मालवणला नवीन नव्हतं. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला घेत दुसऱ्या दिवशी पणजीला लागायची. बंदरात मोठी बोट काठाला यायची नाही. पडावात उतरून किनारा गाठायचा. ज्यांना बोट लागायची, त्यांचे हाल विचारू नका. आणि पावसाळ्यात तीही बंद! १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हा कुठे रात्री मुंबईत बसून सकाळी कुडाळला उतरणं बारमाही झालं.

पण चिपीची खरी गोष्ट वेंगुर्ल्यात आधीच घडून गेली आहे. एकोणिसाव्या शतकात बेळगावकडचा कापूस घाट उतरून वेंगुर्ला बंदरात यायचा. इंग्रजांनी त्यासाठी आंबोलीचा रस्ता बांधला. बंदर गजबजलं. मग १८८८ च्या सुमारास मुरगावहून लोंढ्याकडे जाणारी रेल्वे झाली आणि घाटमाथ्यावरचा माल पोर्तुगीजांच्या गोव्याकडे वळला. वेंगुर्ल्याचा समुद्र होता तिथेच राहिला. मालाला जवळचं बंदर नको होतं, रूळ असलेलं हवं होतं.

मोपाचंही तसंच. ५ जानेवारी २०२३ ला तिथे उड्डाणं सुरू झाली. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची, मोपाची साडेतीन. मोठी विमानं, जास्त शहरं, रात्रीही उतरायची सोय. ज्याला मालवणला जायचंय तो चिपीच्या एका फेरीपेक्षा मोपाच्या दहा फेऱ्या बघणार आणि वर टॅक्सीचे पैसे मोजणार. २०२४ च्या ऑक्टोबरात, उडान योजनेची तीन वर्षं भरताच, अलायन्स एअरची मुंबई फेरी थांबली. योजनेत सरकार तिकिटामागची तूट भरून देत होतं. ती गेल्यावर सत्तर आसनांचा हिशेब कसा जुळणार?

गंमत अशी की, त्याच वर्षी चिपीहून बंगळुरू, हैदराबाद आणि पुण्याला विमानं सोडली ती फ्लाय ९१ ने. ही कंपनी गोव्याची. तिची विमानं मोपाहूनही उडतात.