नॅकला सामोरे जाणे

गेल्या पाव शतकात आपल्या महाविद्यालयीन मराठीत एक वाक्प्रयोग रूढ झाला आहे : अमुक महाविद्यालय 'नॅकला सामोरे जात आहे'. संकटाला सामोरे जावे, दुष्काळाला सामोरे जावे, तसे नॅकला. एखाद्या संस्थेविषयीचे समाजाचे मत भाषा असे नकळत नोंदवून ठेवते. वस्तुतः 1994 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बंगळूरला राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन केली, तेव्हा तिच्या मूळ कल्पनेत सामोरे जाण्यासारखे काही नव्हते. पुणे विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक अरुण निगवेकर हे तिचे संस्थापक संचालक. महाविद्यालयाने आधी स्वतःकडे पाहून स्वतःविषयी लिहावे. मग आपल्यासारखेच शिकवणारे, पण दुसरीकडून आलेले काही जण येतील, ते लिखाण आणि प्रत्यक्ष यांचा ताळा पाहतील आणि आपले मत देतील, असा तो विचार होता. या पाहुण्यांना आपण 'पिअर टीम' म्हणतो. 'समकक्ष', 'समव्यवसायी' हे शब्द सुचवले जातात, पण बोलण्यात कोणी वापरत नाही. बोलण्यात असते ती 'कमिटी'. आणि कमिटी म्हटले की तपासणी आली.

या गोंधळाला इतिहास आहे. कराड तालुक्यातल्या काले गावी 1919 मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तेव्हा शाळा 'तपासली जाणे' ही गोष्ट सहा दशके जुनी होती. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षणखाती निघाली, तपासनीस नेमले गेले. डेप्युटीसाहेब येणार म्हणून शाळा सारवून घेणे, पोरांना धुतलेले कपडे घालून बसवणे हा त्यातूनच आलेला संस्कार. अनुदान त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून असे. 1904 च्या कायद्याने संलग्न महाविद्यालयांची तपासणी विद्यापीठांकडे आली. कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज 1954 मध्ये सुरू झाले तेव्हा सातारा जिल्हा पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होता. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि संलग्नीकरणाची समिती तिकडून येऊ लागली. खोल्या किती, पुस्तके किती, शिक्षक पात्र आहेत का, हे ती पाहते. हे प्रश्न रास्तच आहेत; मात्र ते परवानगीचे आहेत, गुणवत्तेचे नव्हेत. परवाना देणारा आणि समव्यवसायी यांतला फरक आपल्याला कधी नीट दिसलाच नाही, कारण दोघेही त्याच फाटकातून आले आणि दोघांचेही स्वागत त्याच हारांनी झाले.

हा फरक जिथे स्पष्ट दिसतो असे एक क्षेत्र साहित्यापासून दूरचे आहे : अंतर्गत रचना, म्हणजे ज्याला आपण इंटिरिअर डिझाइन म्हणतो ते. अमेरिकेत या विषयाच्या पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देणारी स्वतंत्र संस्था 1970 मध्ये शिक्षक आणि व्यावसायिकांनी मिळून काढली. 2006 पासून तिचे नाव कौन्सिल फॉर इंटिरिअर डिझाइन अ‍ॅक्रेडिटेशन असे आहे. ती विद्यापीठाला श्रेणी देत नाही, एका अभ्यासक्रमाला मान्यता देते. विभाग आत्मपरीक्षणाचा अहवाल लिहितो, मग पथक येते. त्यात शिकवणारेही असतात आणि प्रत्यक्ष व्यवसाय करणारेही. आणि त्यांच्यासमोर मुख्यतः ठेवलेले असते ते विद्यार्थ्यांचे काम : आराखडे, छेद, प्रतिकृती. मोजमाप चुकले असेल, उजेडाचा विचार झाला नसेल, तर ते शीटवरच दिसते.

आपल्याकडे या विषयाची स्थिती विचित्र आहे. जे. जे. मध्ये अंतर्गत सजावट अनेक दशके शिकवली गेली. वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा झाला, त्यांची परिषद झाली; इंटिरिअर डिझायनरांसाठी तसा कायदा नाही. पण काम भिंतीवर लावून बाहेरच्या जाणकारासमोर उभे राहण्याची 'ज्यूरी' ही पद्धत आपल्या वास्तुकला-महाविद्यालयांतही रुळलेली आहे. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या (स्थापना 1960) संस्थांना नॅकखेरीज राष्ट्रीय मानांकन मंडळाकडेही जाता येते. हे मंडळही 1994 चेच, आणि तेही एकेका अभ्यासक्रमाकडे पाहते. 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यावर त्या शिक्क्याला परदेशातही अर्थ आला.

आणि मराठीच्या बी. ए. ला? तिला असा स्वतंत्र परीक्षक नाही. मराठी विभागाचे जे काही असेल ते महाविद्यालयाच्या सात निकषांत विरघळते आणि शेवटी एकाच श्रेणीत उतरते. तिथे आणखी एक अडचण आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. पिअर टीमचे सदस्य सामान्यतः राज्याबाहेरचे असतात. निःपक्षपातीपणासाठी हे योग्यच. ओळखीपाळखीच्या आपल्या जगात तर आवश्यकच. पण त्यामुळे कृष्णाकाठच्या मराठी विभागात जे 'समव्यवसायी' येतात त्यांना बहुधा मराठी वाचता येत नाही. आराखड्याला दुभाषा लागत नाही. विसाव्या वर्षी कोणी कवितेवर लिहिलेल्या सहा पानांना वाचकच लागतो. तो नसेल तर उरते ती संख्या : किती चर्चासत्रे, किती शोधनिबंध, किती विद्यार्थी उपस्थित, छायाचित्र आहे का.

2017 च्या नव्या आराखड्याने तर गुणांचा बराच मोठा भाग संगणकावर भरलेल्या आकडेवारीकडेच दिला. त्यामागचे कारण समजण्यासारखे होते : माणसांच्या मतावर विश्वास उरला नव्हता. तो का उरला नव्हता हेही पुढे दिसले. मार्च 2023 मध्ये भूषण पटवर्धन यांनी गैरप्रकारांकडे बोट दाखवत परिषदेच्या कार्यकारी समितीचे अध्यक्षपद सोडले. फेब्रुवारी 2025 मध्ये आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासणी पथकाच्या अध्यक्षांसह अनेकांना अटक केली. मधल्या काळात राधाकृष्णन समितीने श्रेणींऐवजी 'मान्य' किंवा 'अमान्य' अशी पद्धत सुचवली होती. वाचणारा भ्रष्ट होतो म्हणून वाचणेच कमी करायचे, हा उपाय मला तरी पटत नाही. पण पर्याय विचारला तर मलाही चटकन सांगता येणार नाही. निदान भाषा-विभागांसाठी तरी ती भाषा जाणणारा एक सदस्य असावा. बृहन्महाराष्ट्रात, बडोद्यापासून बेळगावपर्यंत, मराठीचे अध्यापक काही कमी नाहीत.

मी ज्या महाविद्यालयात तेव्हा शिकवत होतो तिथे विद्यार्थी दरवर्षी एक हस्तलिखित अंक काढीत. आमचे नॅक आले तेव्हा अंतर्गत सजावट पुष्कळ झाली : पडदे, कुंड्या, जिन्यावर सुविचार. विभागातल्या टेबलावर आम्ही त्या हस्तलिखिताचे जुने अंक मांडून ठेवले होते. एका मुलीने आजीच्या जात्यावरच्या ओव्यांबद्दल लिहिले होते, आणि त्या ओव्या आपल्याला का आवडत नाहीत हेही. पथकातल्या सौजन्यशील वृद्ध प्राध्यापकांनी तोच अंक उचलला, पाने उलटली, अक्षराचे कौतुक केले आणि विचारले, याला आयएसएसएन क्रमांक आहे का? नव्हता. त्यांनी अंक जपून पुन्हा जागेवर ठेवला.

दोन वर्षांनी तो अंक छापील झाला. आता त्याला क्रमांक आहे, इंग्रजी सारांश आहेत, आणि त्यातले लेख प्राध्यापकांचे असतात.