सदोष अवयव आणि भरवशाचे यंत्र

यंत्र भरवशाचे हवे तर त्याचा प्रत्येक अवयव निर्दोष असलाच पाहिजे, अशी आपणा सर्वांची समजूत असते. गणकयंत्रांच्या इतिहासाकडे पाहता ही समजूत सोडण्याची पाळी शास्त्रज्ञांवर फार लवकर आली, असे आम्हांस दिसते. १९४६ साली अमेरिकेत जाहीर झालेल्या एनिॲक यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. त्यांतील एखादी जळाली तरी सारे गणित बिघडावयाचे.

१९५२ च्या जानेवारीत जॉन फॉन नॉयमन यांनी पॅसाडेना येथील व्याख्यानांत या प्रश्नास हात घातला. त्यांची युक्ती पंचांच्या निवाड्यासारखी होती. एकच काम तीन अवयवांकडे सोपवावे आणि बहुमत मानावे. प्रत्येक अवयव शंभरांत एकदा, परंतु इतरांहून स्वतंत्रपणे चुकत असेल, तर बहुमत दहा हजारांत सुमारे तीनदाच चुकेल. पण मते मोजणारा अवयवही सदोषच! त्याचा निवाडा कोणी करावा? म्हणून नॉयमन यांनी एका तारेच्या जागी तारांची जुडी कल्पिली व जुडीतील चुका ठिकठिकाणी बहुमताने कमी करीत नेल्या. अवयवांचा दोष ठराविक मर्यादेच्या आत असेल, तर असे यंत्र भरवशाचे होते. मात्र त्यास जादा अवयवांची मोठी किंमत मोजावी लागते.

१९९३ साली नोत्र दाम विद्यापीठातील क्रेग लेंट व त्यांचे सहकारी यांनी क्वांटम बिंदूंच्या पेशींचे गणकयंत्र सुचविले. प्रत्येक पेशीत चार बिंदू व दोन इलेक्ट्रॉन. ते समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसतात, आणि दोन कर्ण म्हणजे ० व १. येथे तीन शेजाऱ्यांचे बहुमत हीच मूळ क्रिया आहे. नॉयमन यांचा उपाय जणू यंत्राचा स्वभावच झाला. तथापि नॅनोमीटरच्या मापात एखादी पेशी गहाळ व्हावयाची, एखादी सरकावयाची. म्हणून एकेरी रांगेऐवजी अनेक रांगांचा पट्टा योजण्यात आला.

१९९८ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या संशोधकांनी टेरामॅक यंत्राचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात २,२०,००० दोष होते. ते आधी शोधून, त्यांना वळसा घालून यंत्र उत्तम चालविले गेले.

तेव्हा भरवसा अवयवांपेक्षा रचनेत असतो, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु स्वतंत्रपणाची अट विसरता कामा नये. तिघेही एकाच कारणाने एकदम चुकू लागले, तर बहुमत म्हणजे चुकीवर उठविलेली मोहोरच होय.