भूकंप कुणाच्या पापामुळे झाला? गांधी, टागोर आणि १९३४चा बिहार

आजच्या भागात एक जुना वाद. एकमेकांवर मनापासून प्रेम असलेल्या दोन माणसांचा, छापील, सभ्य आणि तरीही एकही पाऊल मागे न घेतलेला. एका बाजूला महात्मा गांधी, दुसऱ्या बाजूला रवींद्रनाथ टागोर. प्रश्न असा: एका दुपारी हजारो माणसं मेली, तर त्यात देवाचा हात होता का?

आधी घटना काय होती ते बघू.

१५ जानेवारी १९३४, सोमवार. संक्रांत नुकतीच झालेली. दुपारी सव्वादोनच्या सुमारास नेपाळ आणि उत्तर बिहार हादरले. तीव्रता साधारण ८. मुंगेरचा भरलेला बाजार ढिगारा झाला. मुझफ्फरपूर, दरभंगा, तिकडे काठमांडूचं खोरं, सगळीकडे तीच गत. नेपाळमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बिहारमध्ये सात हजारांहून जास्त. आणि जे वाचले त्यांचीही सुटका नव्हती. जमीन फाटून आतून पाणी आणि वाळू उसळली. शेतं वाळूखाली गेली, विहिरी बुजल्या. म्हणजे घर गेलं, माणसं गेली, आणि उद्याची भाकरीही गेली.

त्या वेळी गांधीजी कुठे होते? दक्षिणेत. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध देशभर दौरा सुरू केला होता. २४ जानेवारीला ते तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीत होते. तिथल्या सभेत त्यांनी बिहारसाठी मदत मागितली आणि त्याच ओघात म्हणाले की, मला अंधश्रद्धाळू म्हणायचं तर म्हणा, पण माझ्यासारख्या माणसाला हा भूकंप म्हणजे आपल्या पापांची देवाने दिलेली शिक्षा वाटते. पाप कोणतं? तर अस्पृश्यता.

आता थांबा. आज कोणी असं बोललं तर आपण स्क्रीनशॉट काढून मोकळे होऊ. पण बोलणारा माणूस बघा. सनातनी मंडळींच्या शिव्या खात गावोगाव फिरणारा. त्याच दौऱ्यात, जून १९३४ मध्ये, पुण्यात त्यांची समजून दुसऱ्याच गाडीवर बॉम्ब टाकला गेला. म्हणजे घरात बसून लोकांना घाबरवणाऱ्या बाबाबुवांपैकी हे नव्हेत. म्हणून तर टागोरांना जास्त लागलं.

टागोरांनी उत्तर लिहिलं आणि आधी ते गांधीजींनाच पाठवलं. तुम्ही खरंच असं बोलला असाल तर हे छापा, असा त्याचा सूर. गांधीजींनी ते १६ फेब्रुवारी १९३४च्या ‘हरिजन’मध्ये छापलं. हे साप्ताहिक आदल्या वर्षी पुण्यातून सुरू झालं होतं. आपल्याच पेपरात आपल्यावरची टीका, आणि त्याच अंकात आपलं उत्तर!

टागोरांचं म्हणणं तीन पायऱ्यांत सांगतो.

एक, नैसर्गिक घटनेची कारणं निसर्गातच असतात. लक्षात घ्या, तेव्हा प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत कोणाला माहीत नव्हता, तो १९६०च्या दशकात मान्य झाला. भारताचा भूखंड हिमालयाखाली घुसतोय आणि साठलेला ताण अधूनमधून असा सुटतो, हे सांगायला टागोरांकडे काही नव्हतं. तरी त्यांना शंका नव्हती.

दोन, आणि हे खरं वर्मी लागणारं: शिक्षा कोणाला झाली? लहान मुलांना. गरिबांना. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्या अस्पृश्य मानलेल्या माणसांनाही. आणि पाप करणारे कितीतरी लोक लांब सुरक्षित बसलेले. दुसऱ्यांना धडा मिळावा म्हणून कोणालाही पकडून चिरडणारा राजा आपण सुसंस्कृत म्हणू का? मग देव तसा आहे म्हणालो, तर माणूस देवापेक्षा चांगला ठरतो.

तीन, हा युक्तिवाद दुधारी आहे. उद्या सनातनी म्हणतील, गांधींनी मंदिरं उघडायला लावली म्हणून देव कोपला. त्यांना काय उत्तर देणार?

एक गोष्ट सुटायला नको. टागोर नास्तिक नव्हते. त्यांचा राग देवावर विश्वास आहे म्हणूनच होता. आपला देव इतका क्रूर नाही, हे त्यांना सांगायचं होतं.

गांधीजी मागे हटले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की देवाचे सगळे नियम आपल्याला कळत नाहीत. माझं म्हणणं मी सिद्ध करू शकत नाही, ही श्रद्धा आहे. जग जड आणि चैतन्य अशा दोन वेगळ्या कप्प्यांत वाटलेलं आहे, हे मला पटत नाही. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. या श्रद्धेने मी स्वतःला तपासलं, पश्चात्ताप केला, तर ती श्रद्धा. विरोधकांना झोडपायला वापरली, तर ती अंधश्रद्धा.

या वादात तिसरा माणूसही आहे. जवाहरलाल नेहरू. ते बिहारमध्ये जाऊन ढिगारे उपसून आले होते. १९३६ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय की गांधीजींच्या या विधानाने त्यांना धक्का बसला आणि टागोरांचं उत्तर पटलं. पुढे ते गंमत करतात. पाप शोधायचंच तर दरभंग्याच्या महाराजांचं मोठं नुकसान झालं, मग ही जमीनदारीची शिक्षा का म्हणू नये? दक्षिणेतल्या अस्पृश्यतेसाठी बिहारच्या माणसांना भोगायला लावण्यापेक्षा ते जास्त जुळतं! किंवा इंग्रज सरकार म्हणेल, उत्तर बिहार सविनय कायदेभंगात पुढे होता, त्याचं हे फळ. म्हणजे पाप निवडायची मुभा असली की प्रत्येक जण आपल्या नावडत्या माणसाचं निवडतो.

आता मला काय वाटतं ते सांगतो. मराठीत ‘का?’ या प्रश्नाचे दोन तुकडे होतात. ‘कशामुळे?’ आणि ‘कशासाठी?’ आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सर्व्हर पडला की आम्ही फक्त पहिला विचारतो. रूट कॉज सापडला की तिकीट बंद. पण माणूस गेला की तिकीट बंद होत नाही.

आपलंच उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. तीव्रता साधारण ६.२, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात बिहारच्या भूकंपापेक्षा शेकडो पट कमी. तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. कशामुळे? दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं, आणि सगळे घरात झोपलेले. या उत्तराने पुढची घरं कशी बांधायची ते कळलं, म्हणजे या उत्तराने जीव वाचतात. पण विसर्जन करून आलेल्या आणि पोर गमावलेल्या आईने ‘का?’ विचारलं, तर ती भिंतीबद्दल विचारत नव्हती. तिच्या प्रश्नाला ‘तुझ्या पापामुळे’ म्हणणं हा दुसरा भूकंप. आणि ‘माळवदामुळे’ म्हणणं खरं असलं तरी त्या क्षणी दगड मारण्यासारखंच.

मग काय करायचं? बिहारमध्ये काय झालं ते बघा. भूकंपानंतर दोनच दिवसांनी राजेंद्र प्रसाद तुरुंगातून सुटले आणि मदतकार्याला लागले. हिशेब चोख राहावेत म्हणून जे. सी. कुमारप्पांना बोलावलं. मार्चमध्ये स्वतः गांधीजी बिहारमध्ये आले आणि गावोगाव फिरले. देवाचा कोप मानणारे आणि न मानणारे तिथे एकाच कामाला जुंपले होते. वाळू उपसा, विहिरी मोकळ्या करा, धान्य पोचवा.

मी टागोरांच्या बाजूचा आहे. दुसऱ्याच्या दुःखाला कारण चिकटवायचा अधिकार कोणालाच नाही, महात्म्यालाही नाही. पण गांधीजींची ती अट मी खिशात ठेवतो, कारण ती श्रद्धा असलेल्या आणि नसलेल्या दोघांनाही लागू पडते. कोविडच्या लाटेत व्हॉट्सॲपवर किती जणांनी किती जणांची पापं मोजली, आठवून बघा. त्यात स्वतःचं पाप मोजणारा एक तरी होता का?

तुमच्या घरात या वादात कोण कोणत्या बाजूला असेल? आजीला विचारा, बाबांना विचारा, आणि कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!